‘ऐकत नाही’ म्हणजे नक्की काय करतो? एक मिनिट, साठ कार्डं आणि शिक्षकांचे डोळे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले पन्नास ‘म्हणजे’ आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीय. बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न असा: मूल नेमकं काय करतंय ते बघायला, बघितलेलं शब्दांत पकडायला आणि हे सगळं झटपट करायला शिक्षकांना शिकवता येतं का? येतं. आणि त्याची पद्धत आपल्यापैकी ज्यांनी टायपिंगचा क्लास केलाय त्यांना अर्धीअधिक माहीत आहे. मी स्वतः शिक्षिका नाही. मी बी.टेक. करून ऐरोलीत सॉफ्टवेअरची नोकरी करते. पण माझी वहिनी विशेष शिक्षिका आहे, तिच्यामुळे गेली दोन वर्षं मी या भानगडीत अडकलेय, आणि खरं सांगायचं तर मला मजा येतेय.

आधी ही चार वाक्यं वाचा. ‘तो वर्गात फार मस्ती करतो.’ ‘ती हट्टी आहे.’ ‘त्याचं अभ्यासात लक्ष नसतं.’ ‘त्याने वही जमिनीवर फेकली.’ चारही वाक्यं कुठल्याही शाळेच्या डायरीत सापडतील. यातलं एकच असं आहे ज्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढता येईल. वही फेकल्याचा. मस्तीचा व्हिडिओ काढायला गेलात तर आधी विचारावं लागेल, मस्ती म्हणजे काय? धावतो? बाकावर चढतो? शेजारच्याची पेन्सिल लपवतो? तीन वेगवेगळी वागणी, तिन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे, आणि डायरीत शब्द एकच.

आमच्या क्षेत्रात याला चांगली तोड आहे. टेस्टिंगवाला येऊन म्हणाला, ‘ॲप चालत नाहीये,’ तर आम्ही त्याला परत पाठवतो. कुठल्या पानावर, कुठलं बटण दाबलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे लिहून आण म्हणतो. त्याशिवाय बग दुरुस्त होत नाही. शाळेत मात्र ‘मूल चालत नाहीये’ एवढ्या तक्रारीवर पालकांना बोलावणं जातं.

विशेष शिक्षणात या विषयाला ‘निरीक्षणक्षम वर्तन ओळखणं’ असं भारदस्त नाव आहे. मी सरळ ‘दिसतं ते सांगणं’ म्हणणार. त्यासाठी दोन-तीन साध्या कसोट्या वापरतात. पहिली: दोन अनोळखी माणसांना तुमचं वाक्य दिलं आणि वर्गाच्या दोन कोपऱ्यांत बसवलं, तर दोघं एकच गोष्ट मोजतील का? दुसरी: त्या वागण्याला सुरुवात आणि शेवट आहे का, म्हणजे ‘एक झालं, दुसरं झालं’ असं मोजता येतं का? तिसरी जरा विचित्र आहे. अमेरिकेतले ऑग्डन लिंड्सली हे मानसशास्त्रज्ञ ती शिक्षकांना शिकवायचे: जी गोष्ट मेलेला माणूससुद्धा करू शकतो, ते वर्तन नव्हे. ‘शांत बसणे’, ‘त्रास न देणे’, ‘जागा न सोडणे’ हे सगळं प्रेत आपल्यापेक्षा उत्तम करतं. या कसोटीवर आपली ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा सपशेल नापास होते, आणि आपण सगळे तीत वाढलोय.

आता मराठीची गंमत. कार्डं इंग्रजीत केली असती तर या अडचणी कळल्याच नसत्या. आपल्याकडे ‘मारणे’ हे क्रियापद घ्या. मूल हाक मारतं, उडी मारतं, मिठी मारतं, गप्पा मारतं, आणि थोबाडीतही मारतं. ‘मारतो’ एवढंच लिहिलं तर समोरच्याच्या डोक्यात एकच चित्र येतं, आणि ते पहिल्या चारांपैकी नसतं. त्याहून फसवी आहेत आपली जोड क्रियापदं. ‘रडला’ आणि ‘रडत बसला’. ‘पळाला’ आणि ‘पळत सुटला’. ‘बोलला’ आणि ‘बोलून टाकलं’. ‘रडत बसला’मध्ये मूल बसलंय असा अर्थच नाही, ते उभंही असेल. त्या ‘बसला’मध्ये बाईंचा वैताग आहे. निरीक्षण मुलाचं म्हणून लिहिलं जातं आणि कागदावर उतरते बाईंची मनःस्थिती. वहिनीच्या एका सहकारी बाईंना मी हे दाखवलं तेव्हा त्यांनी स्वतःची जुनी वही काढली आणि प्रत्येक ‘बसतो’ आणि ‘सुटतो’खाली लाल रेघ ओढत गेल्या. पानं लाल झाली.

आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे ‘ऐकत नाही’. मराठीत ‘ऐकत नाही’ म्हणजे सांगितलेलं करत नाही. आणि ‘ऐकत नाही’ म्हणजे त्याला ऐकू येत नाही, असंही असू शकतं. इथे हा विषय शब्दांच्या खेळापुरता राहत नाही. ‘मागून नाव घेतलं की वळत नाही, समोरून घेतलं की बघतो’ हे वाक्य कानाच्या तपासणीकडे नेतं; मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था त्याचसाठी आहे. ‘ऐकत नाही’ हे वाक्य नेतं पालकसभेकडे.

दुसरं उदाहरण ‘लक्ष नसतं, तंद्री लागते’. अपस्माराचा, म्हणजे फिट्सचा, एक प्रकार लहान मुलांत असा असतो की मूल पडत नाही, थरथरत नाही. बोलता बोलता मध्येच थांबतं, काही सेकंद टक लावून बघतं, कधी पापण्या फडफडतात, आणि मग काही घडलंच नाही असं पुढे सुरू होतं. दिवसातून असं कितीतरी वेळा होऊ शकतं. वर्गात हे हुबेहूब दिवास्वप्नासारखं दिसतं. ज्या बाई लिहितात ‘वाचताना शब्दाच्या मध्येच थांबला, हाक मारली तरी प्रतिसाद नाही, साधारण दहा सेकंद, सकाळपासून सहा वेळा’, त्यांच्या त्या चिठ्ठीने डॉक्टरांचं अर्धं काम होतं. ‘लक्ष नसतं’ लिहिणाऱ्या बाई वाईट आहेत असं नाही. त्यांना हे बघायला कुणी शिकवलेलंच नसतं.

‘शिकवलेलं नसतं’ म्हटलं की कुणीतरी म्हणणारच, अगं बी.एड.ला असतं हे सगळं. असतं ना! वर्तनाची व्याख्या पाठ असते, परीक्षेत पाच मार्कांना येते. पण व्याख्या माहीत असणं आणि तीस मुलांच्या गलक्यात, एका हातात खडू असताना, दोन सेकंदांत घडून गेलेली गोष्ट पकडणं यात फरक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबाने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक. प्रत्यक्षात वर्ग किती भरलेले असतात ते तुम्हीच बघा. त्यात बीएलओची कामं आणि पोषण आहाराच्या नोंदी आहेतच. अशा गडबडीत मेंदू सवयीचा शब्द उचलतो. ‘मस्ती’ हा शब्द अर्ध्या सेकंदात येतो. ‘बाकावर उभा राहिला’ यायला दोन सेकंद लागत असतील तर ‘मस्ती’च जिंकणार. म्हणून नुसतं अचूक असून भागत नाही, वेगही लागतो.

इथे टायपिंगचा क्लास येतो. शासनाची टंकलेखनाची परीक्षा आठवा: मराठी ३०, इंग्रजी ४०. म्हणजे मिनिटाला तितके शब्द. लिपिकाच्या नोकरीला ते प्रमाणपत्र लागतं म्हणून आपल्याकडे घरटी एक जण तरी त्या क्लासला जाऊन आलेला असतो. त्या परीक्षेत कुणी असं विचारत नाही की ‘क’ कुठल्या बोटाने दाबतात ते सांगा. वेळ लावतात आणि चुका मोजतात. चुका न करता सावकाश टाइप करणारा नापास, आणि भराभर चुकीचं टाइप करणाराही नापास. पाढ्यांचंही तेच. सात आठे किती हे बोटं मोजून काढणाऱ्याला भागाकार जड जातो, कारण त्याचं सगळं लक्ष सात आठेतच खर्च होतं. अचूकता आणि वेग दोन्ही जमले की त्याला इंग्रजीत ‘फ्लुएन्सी’ म्हणतात. आपण ‘हात बसला’ म्हणतो. डोळा बसणं असंही काहीतरी म्हणायला हवं.

हे शिक्षणात पद्धतशीर आणणारे म्हणजे वर उल्लेख केलेले लिंड्सली. १९२२ सालचा जन्म, हार्वर्डला बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी, १९६५ मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेले आणि प्रयोगशाळा सोडून शिक्षकांच्या प्रशिक्षणात उतरले. त्यांचं म्हणणं साधं होतं: टक्केवारी अर्धंच सांगते. दोन मुलांना शंभर टक्के पडले, एकाने एका मिनिटात सोडवलं, दुसऱ्याने दहा मिनिटांत, तर दोघं सारखे कसे? म्हणून मोजायचं ते ‘दर मिनिटाला किती’. या पद्धतीला ‘प्रिसिजन टीचिंग’ नाव पडलं. सत्तरच्या दशकात मोंटाना राज्यातल्या ग्रेट फॉल्स गावच्या एका प्राथमिक शाळेत चार वर्षं रोज वीस-तीस मिनिटं असा वेळ लावून सराव केला, तेव्हा त्या मुलांची प्रमाणित परीक्षेतली पर्सेंटाइल जिल्ह्यातल्या बाकी मुलांच्या तुलनेत १९ ते ४० अंकांनी वर गेली होती. ते मुलांचं झालं. शिक्षकांसाठी आपण यातलं एक छोटं हत्यार उचलणार आहोत.

त्या हत्याराचं नाव ‘सॅफमेड्स’. हे इंग्रजी आद्याक्षरांचं कडबोळं आहे. अर्थ असा की सगळी कार्डं मोठ्याने म्हणायची, भराभर, एक मिनिट, रोज, पिसून. हेही लिंड्सलींचंच. बघायला गेलं तर साधी पाठांतराची कार्डं. पण त्यातल्या प्रत्येक अटीला कारण आहे, आणि कुठली अट सोडली की काय बिघडतं ते आम्ही नेरूळला एका सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवार दुपारी बसून बघितलंय. वहिनी, तिच्या पाच सहकारी, आणि टाइमर घेऊन मी.

गठ्ठ्यात साठ कार्डं. पुढच्या बाजूला एक वाक्य: ‘शेजाऱ्याच्या डब्यातला घास उचलला.’ मागच्या बाजूला उत्तर: ‘दिसतं’. दुसरं कार्ड: ‘डब्यावरून भांडणं काढतो.’ मागे: ‘शिक्का’. तिसरं: ‘दंगा केला नाही.’ मागे: ‘मेलेला माणूस’. एवढे तीनच पर्याय. कार्ड बघायचं, मोठ्याने उत्तर द्यायचं, उलटून बघायचं, बरोबर असेल तर डावीकडे, चुकलं तर उजवीकडे. मिनिट संपलं की थांबायचं आणि दोन्ही ढीग मोजायचे.

पिसायचं का? न पिसता तीन दिवस खेळलात तर मेंदू वाक्य वाचणं सोडून देतो, क्रम पाठ करतो. मोठ्याने का? मनातल्या मनात सगळ्यांचीच उत्तरं बरोबर येतात. साठच कार्डं का? मिनिटात संपू नयेत म्हणून. संपली तर तुमचा वेग कार्डांच्या संख्येला अडला, तुमच्या डोळ्याला नाही. आणि एकच मिनिट का? एक मिनिट कुणीही देतं. प्रार्थना आणि पहिला तास यांच्यामध्येही देतं. पाऊण तासाच्या कार्यशाळेला मात्र आधी मुख्याध्यापकांची परवानगी लागते, मग चहाचा हिशोब लागतो.

मी हौसेने यासाठी एक वेबपेज लिहिलं होतं. टाइमर, पिसणं, मोजणं सगळं आपोआप. बायकांनी दोन शनिवार वापरलं आणि कागदी कार्डांवर परत गेल्या. स्क्रीनवर बोट फिरवण्यापेक्षा हातातलं कार्ड टाकणं जलद होतं आणि चुकलेल्या कार्डांचा ढीग डोळ्यांसमोर राहत होता. इंजिनिअर मंडळींनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

लक्ष्य किती ठेवायचं, हा प्रश्न लगेच येतो. ते हवेतून ठरवायचं नसतं. ज्याला हे काम खरोखर येतं अशा माणसाला तीच कार्डं द्यायची आणि त्याचा वेग बघायचा. आमच्यात वहिनीचा अनुभव सगळ्यात जास्त, म्हणून तिचा आकडा हेच बाकीच्यांचं लक्ष्य. बारा वर्षांच्या अनुभवानंतरही तिची दोन-तीन कार्डं रोज चुकायची आणि तीच तीच चुकायची, हे बघून बाकीच्यांना केवढा धीर आला!

आता आलेख. लिंड्सलींनी यासाठी खास कागद बनवला. त्यावर उभ्या रेषेवर आकडे बेरजेने नाही, गुणाकाराने चढतात. १ ते १० ला जेवढी उंची, १० ते १०० लाही तेवढीच. त्यामुळे मिनिटाला पाचवरून दहावर गेलेली बाई आणि वीसवरून चाळीसवर गेलेली बाई यांच्या रेषा सारख्याच तिरक्या दिसतात, कारण दोघींनी स्वतःला दुप्पट केलंय. साध्या आलेखात दुसरी फार हुशार दिसली असती आणि पहिली हिरमुसली असती. आणखी एक सोय अशी की बरोबर आणि चूक दोन्ही त्याच कागदावर काढतात: बरोबरला टिंब, चुकीला फुली. समजा पहिल्या दिवशी १२ बरोबर, ८ चूक. आठवड्याने २४ बरोबर, ४ चूक. टिंबांची रेषा वर, फुल्यांची खाली, कात्रीच्या पात्यांसारखी उघडत जाते. ज्या दिवशी दोन्ही रेषा एकत्र वर चढायला लागतात त्या दिवशी समजायचं, बाई घाई करतायत, वाचत नाहीयेत.

पण, आणि हा पण मोठा आहे, कार्डावरची वाक्यं ओळखणं म्हणजे वर्गात बघणं नव्हे. टायपिंग येणाऱ्याला पत्र लिहिता येतंच असं नाही. कार्डांनी एकच गोष्ट होते: ‘शिक्का’ मारायची जुनी सवय तोंडातून निघण्याआधी अडखळते. पुढची पायरी व्हिडिओची. घरातल्याच मुलांचे, त्यांच्या आईवडिलांना विचारून काढलेले, दहा-दहा सेकंदांचे तुकडे. एक तुकडा बघायचा आणि जे दिसलं ते कर्ता-कर्म-क्रियापद असं लगेच बोलायचं. ‘मुलगी डबा बंद करते.’ ‘मुलगा पेन ओढून घेतो.’ इथे सगळ्यांचा वेग धाडकन खाली आला, कारण आता पर्याय समोर नव्हते, शब्द स्वतः शोधायचे होते. म्हणून कार्डांवरच खूश होऊन थांबू नये असं माझं ठाम मत आहे. एका दिवसाची कार्यशाळा घेऊन, गठ्ठा वाटून, फोटो काढून मोकळं होणं अगदी सोपं आहे.

तिसरी पायरी दोन माणसांची. एकच व्हिडिओ दोघींनी वेगवेगळा बघायचा, दर दहा सेकंदांना ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ अशी खूण करायची, मग कागद जुळवायचे. वीस खणांपैकी सतरा जुळले तर सतरा भागिले वीस, ८५ टक्के. सर्वसाधारणपणे ८० टक्क्यांच्या वर जुळणी असेल तर नोंद विश्वासाची मानतात. यात एक खड्डा आहे आणि मशीन लर्निंग केलेल्यांना तो लगेच दिसेल. समजा मुलाने वीसपैकी फक्त दोनच खणांत ढकललं. एक बाई जागी आहे, तिने दोन्ही बरोबर टिपले. दुसरी झोपली आणि सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळी झाली. जुळणी किती? वीसपैकी अठरा, ९० टक्के! म्हणून क्वचित होणाऱ्या वागण्यासाठी सगळे खण धरायचे नाहीत, निदान एकीने ‘झालं’ म्हटलंय तेवढेच खण धरायचे. त्या हिशोबाने झोपलेल्या बाईंची जुळणी दोनपैकी शून्य येते, आणि तीच खरी आहे.

याचा उपयोग कुठे झाला, ते सांगते. माझ्या बहिणीचा मुलगा तेव्हा दुसरीत होता. शाळेचं नाव घेणार नाही. डायरीत एकामागून एक शेरे: ‘आक्रमक. इतर मुलांना त्रास देतो.’ तिसऱ्या वेळी ताई आणि भावजींना बोलावून सांगितलं, तुम्ही दुसरी शाळा बघा. ताई रात्रभर झोपली नाही. वहिनीने एवढंच विचारलं की तो नेमकं करतो काय? घरात कुणालाच सांगता येईना. मग तिने वर्गशिक्षिकेला विनंती केली. त्या बाई तरुण होत्या आणि मोकळ्या होत्या, दोन संध्याकाळी येऊन बसल्या, कार्डं खेळल्या, व्हिडिओ बघितले. मोजायचं ठरलं ते एकच: दुसऱ्या मुलाला हातांनी ढकलणं, असं की ते मूल जागचं हललं. पहिल्या दिवशीची त्यांची नोंद होती, ‘आज तीनदा चिडला’. चौथ्या दिवसापर्यंत ती अशी झाली: ‘११.१५, जिना, मागच्या मुलाला दोन्ही हातांनी ढकललं.’

दोन आठवड्यांनी कागद बघितला तर तासाला वर्गात ढकलणं जवळपास नाहीच. सगळं मधल्या सुट्टीनंतरच्या रांगेत आणि दप्तर भरताना. म्हणजे जिथे मुलं पाठीला पाठ लावून, एकमेकांना चिकटून उभी असतात तिथे. त्याला हजेरीपट घेऊन रांगेच्या पुढे चालायला दिलं. ढकलणं कमी झालं, बंद नाही झालं. पण पुढच्या मीटिंगमध्ये टेबलावर ‘आक्रमक’ हा शब्द नव्हता, वेळ आणि जागा लिहिलेला कागद होता, आणि मुख्याध्यापिका जिन्याबद्दल बोलत होत्या, मुलाच्या स्वभावाबद्दल नाही. तो अजून त्याच शाळेत आहे. पी.टी.च्या तासाला भांडणं होतातच.

तुम्ही म्हणाल, हे सगळं बाहेरून आणलेलं. तसं नाही. सिकंदराबादला १९८४ साली बौद्धिक दिव्यांगांसाठी राष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिचंच आजचं नाव एनआयईपीआयडी, आणि आपल्या खारघरमध्ये तिचं प्रादेशिक केंद्र आहे. या संस्थेतून १९९२ मध्ये रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी भारतीय मुलांसाठी वर्तनमापनाची श्रेणी तयार केली. तिच्या पहिल्या भागात कौशल्यांच्या २८० बाबी आहेत, दुसऱ्या भागात समस्या वर्तनाच्या ७५. मला गंमत वाटते ती दुसऱ्या भागाची. गटांची नावं ‘हिंसक’, ‘बंडखोर’ अशी शिक्केवजाच आहेत, पण गट उघडला की आत ढकलणं, चिमटे काढणं, केस ओढणं असल्या हाताने घडणाऱ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीपुढे कधीच नाही, कधीकधी, वारंवार यांपैकी एक आकडा लिहायचा.

याच संस्थेने बनवलेली ऑटिझमची भारतीय मापनश्रेणी तर आणखी काटेकोर आहे. ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण, आणि त्या गुणांना टक्के जोडलेले: वीस टक्क्यांपर्यंत वेळा दिसत असेल तर १, आणि ८१ च्या पुढे असेल तर ५. एकूण ७० च्या खाली आलं तर ऑटिझम धरत नाहीत. आता विचार करा, ही माहिती तज्ज्ञाला कुठून मिळते? समोरच्या तासाभरातून, आणि आईवडील जे सांगतात त्यातून. शाळेत काय होतं हे आईवडील बाईंकडून ऐकून सांगतात. बाई म्हणाल्या ‘नेहमीच असं करतो’, तर ते ‘नेहमीच’ म्हणजे ३५ टक्के की ८५? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बऱ्याच सवलती ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाला जोडलेल्या आहेत. त्यामुळे तो एक सैल शब्द पुढे कुठवर जातो याचा अंदाज बांधता येईल. वाशीच्या महापालिकेच्या ईटीसी केंद्रात किंवा खारघरला मूल घेऊन जाणार असाल तर जाण्याआधी आठवडाभर एका तरी वागण्याची वेळ-जागा लिहून न्या. एवढा सल्ला मी शिक्षिका नसूनही देते.

काही शंका रास्त आहेत. ऑटिस्टिक मोठी माणसं वर्तनवादी पद्धतींवर जो राग धरून आहेत तो उगाच नाही. हात फडफडवणं हे मोजता येतं म्हणून ते थांबवायला हवं, असं वर्षानुवर्षं झालंय. ‘हात फडफडवले, बारा वेळा’ हे फक्त निरीक्षण आहे. त्याने कुणाला इजा होत नसेल तर तिथेच थांबावं, आणि कार्यशाळेत हे पहिल्याच दिवशी सांगावं, शेवटच्या दिवशी तळटीप म्हणून नाही. दुसरं, दिसतं ते सगळं नसतं. पोटात दुखणारं मूल बाक लाथाडताना दिसतं, पोटदुखी दिसत नाही. आणि तिसरं, वेग हा बाईंच्या डोळ्यांसाठी आहे, मुलासाठी नाही. मुलाला टाइमर लावून ‘भराभर शांत हो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या हातातून टाइमर काढून घ्या.

शेवटी गठ्ठ्याबद्दल, कारण मागच्या भागापासून तुम्ही विचारताय. तयार गठ्ठा मी देणार नाही, कारण दुसऱ्याच्या शाळेतली वाक्यं तुमच्या तोंडी बसत नाहीत. स्वतःच्या डायऱ्या, प्रगतिपुस्तकावरचे शेरे आणि पालकसभेत बोललेली वाक्यं काढा, नावं खोडा. वीस ‘शिक्का’, वीस ‘दिसतं’, दहा ‘मेलेला माणूस’ सहज निघतील. उरलेली दहा वादाची ठेवा. ‘हसला’ चालेल, पण ‘छद्मी हसला’? ‘वाचतो’ हे दिसतं का, ओठ मिटलेले असताना? ‘वाट बघतो’? आमच्याकडे ‘वाट बघतो’वर पाऊण तास वाद झाला आणि शेवटी ते कार्ड फाडून दोन नवी केली: ‘रांगेत उभा राहिला’ आणि ‘दाराकडे मान वळवली’. वादाची कार्डं वेळ लावताना बाजूला काढायची आणि शनिवारी चहाबरोबर घ्यायची.